लढाऊ विमान, खारं वारं आणि जमिनीवरचे हात

श्रोतेहो, नमस्कार.

वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी या पट्ट्यातल्या मंडळींनी गोव्यातल्या दाबोळीच्या नौदल तळावरून उडणाऱ्या लढाऊ विमानांचा आवाज कधी ना कधी ऐकलेला असतो. आवाज येतो, मान वर जाते, तोवर विमान ढगात शिरलेलं असतं. आजचं बोलणं त्या आवाजाच्या आधीच्या कामाबद्दल आहे. विमान जमिनीवर उभं असताना त्याच्याभोवती जे लोक वाकून, झोपून, कधी अर्धे आत शिरून काम करतात, त्यांच्या कामाबद्दल.

लढाऊ विमानांत इंटरसेप्टर म्हणून एक जात असते. शत्रूचं विमान रडारवर दिसलं की लगेच उठायचं आणि त्याला वाटेतच गाठायचं, हे तिचं काम. बाकीच्या मोहिमा आदल्या दिवशी ठरवता येतात. इथे वेळ शत्रू ठरवतो, आणि हातात मोजकी मिनिटं असतात. म्हणून या विमानाची देखभाल म्हणजे काही बिघडलं की दुरुस्त करणं नव्हे. ते कधीही उठू शकेल अशा अवस्थेत सतत ठेवणं, हेच खरं काम.

आपल्याकडे या जातीचं सर्वांत ओळखीचं विमान म्हणजे मिग-२१. १९६३ साली चंडीगडला हवाई दलाच्या २८व्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तुकडीत, ते दाखल झालं, आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडलाच त्याला निरोप देण्यात आला. मधल्या काळात आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली. या विमानाबद्दल उलटसुलट पुष्कळ बोललं गेलंय. पण ज्यांनी त्याचे पॅनेल उघडले, त्यांच्यात त्याच्याबद्दल एक माया असते. कारण ते आडमुठं असलं तरी सरळ होतं. कुठला पाइप कुठून कुठे जातो, हे बोटाने दाखवता यायचं.

विमानावर एकटा माणूस काम करत नाही. एअरफ्रेमचा फिटर सांगाडा, चाकं आणि हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, बघतो. इंजिन फिटर, इलेक्ट्रिकल फिटर, इन्स्ट्रुमेंट फिटर, रेडिओ-रडारवाले, शस्त्रांचे फिटर असे वेगवेगळे ट्रेड असतात. प्रत्येकजण आपापलं काम संपवून एका वहीत सही करतो. तिला फॉर्म ७०० म्हणतात. सगळ्या ट्रेडच्या सह्या झाल्या की पायलट ती वही वाचतो, मागच्या उड्डाणातल्या तक्रारी आणि त्यांवर काय केलं ते बघतो, आणि मग स्वतः सही करतो. एक जरी रकाना रिकामा असला, तरी विमान हलत नाही.

आता उड्डाणापूर्वीची तपासणी. ती नेहमी एकाच ठिकाणाहून सुरू होते आणि विमानाला पूर्ण फेरा मारून तिथेच संपते. मधूनच कुणी हाक मारली, तर परत पहिल्यापासून. अर्धी झालेली तपासणी ही न झालेल्या तपासणीपेक्षा वाईट, कारण ती झाली असं वाटत राहतं.

मिग-२१चं तोंड म्हणजे नाकावरचं गोल भोक आणि त्याच्या मध्यभागी शंकू. शंकूच्या आत रडार. हा शंकू वेगानुसार पुढेमागे सरकतो, कारण स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगात हवा इंजिनात कशी शिरते हे त्यावर अवलंबून असतं. सरकणारी वस्तू म्हटली की कडेला ओरखडा, सील फाटणं, धूळ बसणं आलंच. तिथे टॉर्च मारून बघायचं. मग आतल्या हवेच्या वाटेत बघायचं. ती कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते आणि इंजिनाशी मिळते. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पहिल्या रांगेतल्या पात्यांच्या धारेवर नख लागेल एवढा जरी खाचा दिसला, तरी तो मोजायचा. मर्यादेत असेल तर बारीक कानसेने आणि पॉलिशने धार गुळगुळीत करतात. खाचा तसाच ठेवला, तर फिरताना सगळा ताण त्या एका टोकाशी गोळा होतो, तिथून तडा जातो, आणि सुटलेलं एक पातं मागच्या सगळ्या रांगा झोडपून काढतं.

म्हणून तळावर रोज सकाळी ओळ धरून चालायचं असतं. सगळे एका रेषेत, नजर खाली, धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खडा, वॉशर, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, जे मिळेल ते खिशात. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याची बारीक खडी वाहून डांबरावर येते, तेव्हा हे चालणं दिवसातून एकदा करून भागत नाही. मिग-२९ या नंतरच्या विमानाच्या मूळ रचनेत यावर तोडगा होता. जमिनीवर असताना त्याची मुख्य तोंडं झडपेने बंद राहतात आणि हवा वरच्या फटींतून घेतली जाते. मिग-२१ला असलं काही नाही. पुढे जे पडलेलं असेल, ते आत जाणार.

पुढे टायर. हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला टेकायचं, म्हणून रबर भराभर झिजायचं. कापलेल्या जागेत आतले धागे दिसू लागले की टायर बदलायचा, मग बाकीचा कितीही नवा असो. आत साधी हवा भरत नाहीत, नायट्रोजन भरतात. तो कोरडा असतो, त्यामुळे चाक आतून गंजत नाही, आणि ब्रेक तापून लाल झाले तरी तो पेट घ्यायला मदत करत नाही. तापलेल्या ब्रेकजवळ कसं जायचं याचाही नियम आहे. पुढून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही. टायर किंवा रिम फुटलं तर तुकडे आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूला उडतात.

हायड्रॉलिक तेल लाल रंगाचं. त्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २१० किलोच्या घरात. एवढ्या दाबाखाली पाइपला सुईएवढं भोक पडलं, तर बाहेर येणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत घुसते. गळती शोधायला हात फिरवायचा नाही. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. त्यावर लाल डाग उमटला की जागा सापडली.

ऑक्सिजन भरताना मात्र नियम उलटा. तिथे तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले, तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतात. म्हणून ऑक्सिजनवाल्याचे हात, पाने, फडकी सगळी वेगळी असतात, आणि ती दुसऱ्या कुणी वापरायला मागितली तर तो ठाम नाही म्हणतो. त्याला खडूस म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंधन भरायच्या आधी विमान आणि टँकर तारेने एकमेकांना आणि जमिनीला जोडायचे. इंधन वाहताना स्थिर वीज तयार होते, तिला वाट करून द्यावी लागते. भरून झालं की टाकीच्या तळातून थोडं काचेच्या बरणीत काढून उजेडात धरायचं. पाणी इंधनापेक्षा जड, ते खाली बसतं. दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली, तर आतल्या भिंतींवर दव धरतं आणि सकाळी तळाशी पाणी मिळतं. उंचावर गेल्यावर ते गोठतं आणि फिल्टर तुंबतो. उपाय साधा आहे, संध्याकाळीच टाकी भरून ठेवायची.

आता बारीक तारेची गोष्ट, कारण ती बाहेरच्यांना कधी दिसत नाही. इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून तार ओवून पीळ देतात. याला वायर लॉकिंग म्हणतात. तार अशी ओवायची की बोल्ट सैल व्हायला लागला, तर तार त्याला आवळण्याच्या दिशेने ओढेल. उलट ओवली, तर तार आहे आणि उपयोग नाही. साधारण ०.८ मिलिमीटर जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. कमी दिले तर तार हलते आणि घासून तुटते. जास्त दिले तर ती आधीच कडक होऊन ठिसूळ बनते. शेवटचं टोक आत वळवून ठेवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. कापलेले तुकडे मोजून डबीत टाकायचे. एकदा काढलेली तार किंवा स्प्लिट पिन पुन्हा वापरायची नाही, कितीही चांगली दिसली तरी. चांगला फिटर ओळखायचा असेल, तर त्याचं बोलणं ऐकू नका, त्याच्या तारेचे पीळ बघा.

अवजारांचंही तसंच. प्रत्येक पान्याची पेटीत किंवा फळीवर त्याच्या आकाराची जागा कोरलेली असते. काम संपल्यावर एक जरी जागा रिकामी दिसली, तर विमान जागचं हलवायचं नाही. पाना सापडेपर्यंत पॅनेल उघडत राहायचं. सुटा स्क्रूड्रायव्हर कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकला, तर हवेत कंट्रोल जाम होतात.

मिग-२१चं इंजिन काढायची पद्धत बघण्यासारखी होती. पंखांच्या मागे विमानाचं धड दोन भागांत सुटतं. शेपटाकडे जाणारे कंट्रोलचे दांडे, हायड्रॉलिकचे पाइप, विजेचे प्लग एकेक करून सोडवायचे, प्रत्येक तोंडाला लगेच टोपी बसवायची, मग जोडाभोवतीचे बोल्ट काढायचे. सगळं शेपूट ट्रॉलीवर मागे सरकतं आणि इंजिन उघडं पडतं. तेही मागूनच बाहेर येतं. सोडवणं सोपं, जोडणं कठीण. जोडल्यावर कंट्रोल स्टिक पूर्ण पुढे, पूर्ण मागे, दोन्ही बाजूंना नेऊन शेपटावर उभ्या माणसाने ओरडून सांगायचं, कुठला हलणारा भाग कुठे वळला. दांडे उलटे जोडले गेले, तर पायलटला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून कंट्रोलच्या कामाची तपासणी दोन वेगवेगळ्या माणसांनी करायची आणि दोघांनी सह्या करायच्या. ज्याने जोडलं, त्याला स्वतःची चूक दिसत नाही, हे गृहीतच धरलेलं असतं.

मग विमान जमिनीला बांधून इंजिन चालवून बघतात. आधी मंद, मग पूर्ण, मग आफ्टरबर्नर, म्हणजे मागे जादा इंधन जाळून मिळणारा जोर. बंद केल्यावर काम संपत नाही. फिटर शेपटाजवळ कान लावून उभा राहतो, घड्याळ हातात. फिरणारे भाग थांबायला किती सेकंद लागले, ते लिहायचं. नेहमीपेक्षा लवकर थांबले, तर बेअरिंग किंवा पातं कुठेतरी घासतंय. आवाजात खरखर आली, तर काम तिथेच थांबवायचं. याशिवाय तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात लोखंड, तांबं, चांदी यांचे अंश वाढत गेले, तर कुठलं बेअरिंग झिजतंय याचा अंदाज येतो. इंजिन अजून सुरेल वाजत असतं, पण तेलाने आधीच सांगितलेलं असतं.

परत आलेल्या विमानाची गडबड वेगळीच. शेपटाच्या उभ्या पंखाच्या बुडाशी असलेल्या नळीतून पॅराशूट उघडून मिग-२१ वेग कमी करायचं. पायलट ते धावपट्टीच्या टोकाशी सोडून द्यायचा आणि गाडी ते गोळा करून आणायची. ते ओलं असेल तर वाळवल्याशिवाय घडी घालायची नाही. ओल्या कापडाला बुरशी लागते, घड्या चिकटतात, आणि पुढच्या वेळी ते वेळेवर उघडत नाही. मग सगळा भार ब्रेकवर येतो. पावसाळ्यात पॅराशूट वाळवायची खोली ही तळावरची सर्वांत मौल्यवान खोली असते, असं म्हटलं तर हसू नका.

सज्ज ठेवलेलं विमान तळावरच्या एका ठरलेल्या जागेवर उभं असतं, तिला ओआरपी, म्हणजे ऑपरेशनल रेडिनेस प्लॅटफॉर्म म्हणतात. जमिनीवरची वीज जोडलेली, शस्त्रं लावलेली. इशारा मिळाल्यावर काय कुणी करायचं, हे आधीच वाटून दिलेलं असतं. पायलटचे पट्टे बांधायला एकजण, शिडी काढायला एक, चाकांपुढचे ठोकळे ओढायला एक. सीटच्या आणि शस्त्रांच्या सेफ्टी पिनांना लाल फिती असतात. त्या काढून मोजायच्या आणि पायलटला हातात धरून दाखवायच्या. त्याने मोजल्या की मगच अंगठा वर. या घाईत माणूस चुकतो तो वेगामुळे नाही, क्रम बदलल्यामुळे. म्हणून क्रम कधीच बदलत नाहीत.

त्या सज्जतेचं एक उदाहरण आपल्याच अरबी समुद्रावरचं आहे. १२ डिसेंबर १९७१ला जामनगरहून उठलेल्या ४७व्या स्क्वाड्रनच्या मिग-२१ एफएलने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी हे त्याचे पायलट. मिग-२१च्या या एफएल प्रकारात स्वतःची तोफ नव्हती. के-१३ ही दोन क्षेपणास्त्रं, एवढंच. तोफ पाहिजे असेल तर पोटाखाली जीपी-९ ही पेटी लावायची. तिच्यात २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची तोफ आणि २०० गोळ्या. पण ती लावली की पोटाखालची जादा इंधनाची टाकी लावता येत नाही. तोफ की पल्ला, हा निर्णय वरचे घ्यायचे, आणि तो पाळायला शस्त्रांचे फिटर पाठीवर झोपून वर बघत बोल्ट आवळायचे.

आता आपल्या वाऱ्याकडे येऊ. कोकणात पत्र्याला, खिडकीच्या गजाला, पंख्याच्या पात्याला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, आणि लाटा फुटल्या की त्याचे सूक्ष्म कण वाऱ्यावर चढून आत येतात. विमान बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं, बोल्ट आणि रिव्हेट काही ठिकाणी स्टीलचे. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच. ॲल्युमिनियम त्यात झिजतं. मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या मासेमारी ट्रॉलरच्या पंख्याजवळ जस्ताची वडी लावलेली असते, ती याच कारणासाठी. जस्त आधी खाल्लं जावं आणि पंखा वाचावा. विमानात अशी वडी लावायला जागा नसते. तिथे धातूंमध्ये सीलंट भरायचं, रंग शाबूत ठेवायचा, आणि धुवायचं.

गंज आधी दिसत नाही. रंगाला बोंडाएवढा फोड येतो, तो खरवडला की खाली पांढरी पूड निघते. कधी पत्र्याचे थर पानं सुटावीत तसे उकलतात. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे भाग हलके म्हणून वापरतात, पण मिठापुढे ते सर्वांत आधी हार मानतात. सी हॅरियर हे नौदलाचं विमान जमिनीवरच्या हॅरियरवरून तयार करताना मॅग्नेशियमचे बरेच भाग बदलले गेले, ते त्यामुळेच.

धुण्याची पद्धत ठरलेली आहे. गोडं पाणी आणि सौम्य साबण. जोराचा फवारा बेअरिंगवर आणि सांध्यांवर मारायचा नाही, कारण तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो आणि ग्रीस धुऊन टाकतो. पोटाखालची पाणी निचरायची भोकं आधी मोकळी आहेत का बघायची. ती चिखलाने बंद असतील, तर धुतलेलं पाणी आतच साठतं आणि धुऊन विमान जास्त बिघडतं. नंतर कोरडं करायचं, पुन्हा ग्रीस भरायचं, आणि पाणी हटवणारं तेल फवारायचं. धुताना वेग आणि उंची मोजणाऱ्या छिद्रांना पट्टी लावावी लागते, आणि ती काढणं हा कामाचा शेवटचा भाग. २ ऑक्टोबर १९९६ला पेरूमध्ये लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७वर अशा छिद्रांवरची पट्टी तशीच राहिली होती. उंची आणि वेगाचे आकडे खोटे दाखवले गेले, विमान समुद्रात पडलं, सत्तर माणसं गेली. म्हणून पट्टी नेहमी भडक रंगाची, तिला लांब फीत, आणि वहीत तिची वेगळी नोंद.

इंजिनही आतून धुवावं लागतं. स्टार्टरवर नुसतं फिरवत ठेवून तोंडातून खनिजमुक्त पाणी फवारतात, मग इंजिन चालवून सुकवतात. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मिठाचा थर बसला की हवा कमी जाते, तीच ताकद मिळवायला इंजिन जास्त तापतं, आणि पुढे टर्बाइनच्या गरम पात्यांवर मिठातलं सोडियम इंधनातल्या गंधकाशी मिळून धातू खातं. विजेच्या प्लगमध्येही ओल शिरते. बंद पेट्यांत सिलिका जेलची पुडी ठेवतात. निळी असेल तर ठीक, गुलाबी झाली की बदलायची. पावसाळ्यात ती भराभर गुलाबी होते, आणि तेच आपल्या हवेचं खरं मोजमाप.

दाबोळीला ३००व्या स्क्वाड्रनने, म्हणजे व्हाइट टायगर्सनी, १९८३पासून मे २०१६पर्यंत सी हॅरियर सांभाळली. ते आवाजापेक्षा कमी वेगाचं, पण जहाजांच्या ताफ्यावर चालून येणाऱ्याला अडवणं हेच त्याचं काम. त्याचं इंजिन बदलायचं तर आधी अख्खा एकसंध पंख क्रेनने उचलून बाजूला ठेवावा लागायचा. रचनाकारांनी ते विमान फिटरसाठी नव्हे, पायलटसाठी काढलं, असं ज्यांनी ते काम केलं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. हे विमान जागच्या जागी सरळ खाली उतरू शकायचं; तसं उतरताना इंजिनाला थोडा वेळ जादा ताकद देण्यासाठी त्यात पाणी सोडायची सोय होती. टाकीत सुमारे २२५ लिटर, साधारण दीड मिनिटाला पुरणारं. पाण्याने टर्बाइन थंड राहायचं, म्हणून इंधन जास्त देता यायचं. तिथेही पाणी खनिजमुक्तच. विहिरीचं कितीही गोड असलं, तरी त्यातला चुना तापलेल्या पात्यांवर बसला असता.

गोव्यात बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॅरियर बघायला मिळतं. गेलात तर बाजूच्या चार फिरत्या तोट्या बघा. पुढच्या दोन थंड हवेच्या, मागच्या दोन गरम वायूच्या, आणि मागच्यांच्या शेजारी धडावर उष्णता सोसणारा वेगळा पत्रा ठोकलेला असतो. पंखांच्या टोकांना आणि शेपटाला बारीक झरोके शोधा. हवेत तरंगताना विमान तोल सांभाळतं ते त्यांतून सोडलेल्या हवेवर. आणि खाली वाकून पोटाकडेही बघा, पाण्याची भोकं तिथेच आहेत.

नमस्कार.